शिवार आणि वीज : पंप सूर्यावर, हिशेब पाण्याचा

रात्री दीडला लाईट येते, मोटार धडधडू लागते आणि घरातला कर्ता माणूस बॅटरी आणि फावडं घेऊन दारं धरायला निघतो. जानेवारीचा गारठा, घोट्याएवढा चिखल, बांधाच्या बिळात साप, जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात उसातला बिबट्या. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीपाळीने मिळत आली आणि रात्रपाळीला पाणी देताना माणसं जिवाला मुकली. सौर पंपाच्या उणिवांवर मी पुढे लिहिणार आहे, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो : शेतकऱ्याला उजेडात पाणी देता येणं ही या पंपाची सर्वांत मोठी देणगी आहे.

राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना 2024 पासून सुरू आहे. शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. बाकीचा भार केंद्र आणि राज्य सरकार उचलतं. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 एचपी आणि त्यापुढे साडेसात. एकदा पंप बसला की बिल नाही, डिझेल नाही, डीपी जळाली म्हणून वर्गणी काढून खेटे घालणं नाही.

गेल्या आठवड्यात हरभऱ्याच्या एका रानात सकाळपासून दुपारपर्यंत थांबलो होतो. पंप 5 एचपीचा, पॅनेल 4,800 वॉटचे. आठ वाजता पाइपाच्या तोंडाशी करंगळीएवढी धार होती. दहाला ती मनगटाएवढी झाली, साडेअकराला दांड भरून वाहू लागला. मग एक ढग आला. मिनिटभरात धार निम्म्यावर आली आणि ढग सरकताच पुन्हा जोर धरला. रानाचे मालक, साठीतले काका, म्हणाले, “धारंकडं बघितलं की ऊन किती ते कळतंय.”

त्या धारेमागचं शास्त्र फार अवघड नाही. पॅनेलमधला प्रत्येक सेल सिलिकॉनचा असतो. त्याच्या एका थरात किंचित फॉस्फरस, दुसऱ्यात किंचित बोरॉन मिसळलेलं असतं. ऊन पडलं की इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि दोन थरांच्या सीमेवरचं विद्युतक्षेत्र त्यांना एकाच दिशेला ढकलतं. हीच वीज. एका सेलमधून जेमतेम अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब मिळतो, म्हणून अनेक सेल माळेसारखे जोडतात. माळेतल्या एखाद्या सेलवर बाभळीची सावली पडली, तरी तिचा फटका शेजारच्या सेलनाही बसतो. 1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जने दाखवलेला सिलिकॉन सेल उन्हातल्या ऊर्जेचा 6 टक्के भाग विजेत बदलत होता. आजचे चांगले पॅनेल 20 टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. पॅनेलला ऊन हवं, पण ताप सोसत नाही. सेलचं तापमान 25 अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. म्हणून माघातलं स्वच्छ, गार ऊन त्याला मानवतं, आणि रब्बीच्या गहू-हरभऱ्याला पाणी नेमकं तेव्हाच हवं असतं.

आता दुसरी बाजू. पॅनेल 25 वर्षं टिकतं, पंप आणि कंट्रोलर तेवढे टिकत नाहीत. योजनेतली दुरुस्तीची हमी 5 वर्षांची आहे. सहाव्या वर्षी कंट्रोलर बंद पडला तर तो उघडून बघणारा माणूस तालुक्याच्या गावात तरी आहे का, हे आजच विचारायला हवं. वळवाचं वादळ, गारा आणि केबलची चोरी हे धोके आहेतच. धूळही वीज खाते. काका दर आठवड्याला ओल्या फडक्याने काचा पुसतात. शिवाय पिकाला पाणी नको असतं तेव्हा ही सगळी वीज वाया जाते.

पण मला खरी काळजी आहे ती पाण्याची. आपल्या राज्याचा सुमारे 80 टक्के भाग काळ्या पाषाणाचा. या खडकात पाणी फक्त भेगांत आणि मुरमाच्या थरात साठतं. रात्रीची लाईट आणि डिझेलचा खर्च यांचा, नकळत का होईना, उपशावर थोडा लगाम होता. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना 2024 पासून वीजही मोफत आहे आणि सौर पंपाला तर बिलच नाही. रोज सहा-सात तास मोटार चालवायला पैसा लागत नसेल, तर कोण थांबेल? आणि पाणी खाली गेलं की पहिला दम सौर पंपाचाच तुटतो, कारण तो ठरावीक खोलीसाठीच बनवलेला असतो. मग शेतकरी आणखी खोल बोअर पाडतो, तेही कर्ज काढून.

यावरचा एक उपाय गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात, ढुंडी गावात करून पाहिला गेला. 2016 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि पंप वीजवाहिनीला जोडले. पिकाला पाणी नको असेल तेव्हा वीज कंपनीला विकायची. पाणी वाचवलं की हातात पैसा येऊ लागला, म्हणजे उपसा थांबवण्याला किंमत आली. ज्या महाराष्ट्राने 1950 मध्ये प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला ही वाट परकी नाही.

आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या जमिनीवर प्रकल्प उभारून अख्खा फीडर दिवसा चालवतात. राळेगणसिद्धीला असा प्रकल्प आधीच झाला. माझं मत स्पष्ट आहे : जिथे लाईन पोचली आहे तिथे हाच मार्ग धरावा, कारण पिकाला नको असलेली वीज तिथे दुसऱ्याच्या कामी येते आणि दुरुस्ती एकट्या शेतकऱ्याच्या गळ्यात पडत नाही. लाईन नाही तिथे स्वतंत्र पंप जरूर द्यावा, पण त्याच ग्रामसभेत गावाच्या पाण्याचा ताळेबंदही मांडावा. हिवरे बाजारने असा ताळेबंद मांडून पिकं ठरवली आणि शेतीसाठी बोअर बंद ठेवले. तिथे जमलं, ते इतर गावांनाही जमेल.

ज्यांना अर्ज भरायचा आहे, त्यांना एकच विनंती. अर्जाआधी दोरीला दगड बांधून तो विहिरीत सोडा. पाणी किती हातांवर लागलं, तो आकडा आणि तारीख विहिरीच्या कठड्यावर रंगाने लिहा. पंप बसल्यावर दर दिवाळीला आणि दर पाडव्याला पुन्हा मोजा, खाली नवा आकडा लिहा. पाडव्याचा आकडा दरवर्षी वाढत गेला तर पीक बदला, मोटारीचे तास कमी करा आणि शेजारच्या विहिरीवाल्यालाही तो आकडा दाखवा.