शाळा पाडण्याआधी तीन प्रश्न विचारा

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, गावच्या शाळेत झेंडावंदन होतं. तुम्हीही लहानपणी त्या मैदानात रांगेत उभे राहिला असाल. १९४८ ला आपण निजामाच्या राजवटीतून सुटलो हे भाषणात ऐकलं असेल. पण झेंड्याच्या मागे जी इमारत उभी होती ती कुणाच्या काळातली, हे कधी विचारलंत? मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांत ती निजामाच्याच काळातली आहे. म्हणजे वय पंचाहत्तरच्या पुढे. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, वर माळवद किंवा नंतर ठोकलेले पत्रे.

अशा शाळा पाडून नव्या बांधायला हव्यात, यावर वाद नको. २८ ऑगस्ट २०१७ ला आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेची खोली कोसळली आणि तीन मुलं गेली. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत शाळा पडली, सात मुलं गेली. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या आहेत. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीत पाणी मुरलं की माती धुऊन जाते आणि दगड नुसते एकमेकांवर ठेवल्यासारखे उरतात. वर माळवदाचं ओझं असतंच. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसं दगावली ती अशाच घरांखाली.

तेव्हा पाडाच. पण 'नवीन शाळा मंजूर' असा बॅनर लागला, फेटे बांधून नारळ फुटला की आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो. माझं म्हणणं एवढंच, की टाळ्यांच्या आधी तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: मधल्या काळात मुलं बसणार कुठे? सरकारी भाषेत जुनी इमारत पाडायच्या मंजुरीला 'निर्लेखन' म्हणतात. त्याचा प्रस्ताव, इंजिनिअरची पाहणी, मग अंदाजपत्रक, निधी, निविदा. यातलं एक टेबल अडलं की काम अडलं. खोल्या पडलेल्या, नव्या उभ्या नाहीत, मग दोन वर्ग एकाच खोलीत, तिसरा मारुतीच्या सभामंडपात, चौथा झाडाखाली. पाऊस आला की सुट्टी. अशात एखादं वर्ष गेलं की ज्यांना परवडतं ते पालक मुलांना पिवळ्या व्हॅनमध्ये बसवून तालुक्याच्या इंग्लिश स्कूलला पाठवतात. पट घसरतो. आणि मग 'पटच नाही तर इमारत कशाला' असं ऐकावं लागतं. ज्यांना व्हॅन परवडत नाही त्यांची मुलं मागे राहतात. म्हणून जुनी भिंत पाडायच्या आधी पर्यायी जागा आणि काम संपायची तारीख कागदावर घ्या.

दुसरा प्रश्न: नवी इमारत कशी असेल? जुन्या शाळेला नावं ठेवताना एक गोष्ट मान्य करू, एप्रिलमध्ये ती गार असायची. जाड भिंती, उंच छत, पुढे ओसरी. उलट पातळ भिंतींवर बुटका स्लॅब टाकला तर दुपारी बाराला आत बसवत नाही, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो. छत उंच ठेवा, समोरासमोर खिडक्या द्या, व्हरांडा कापू नका, हे सांगायला आर्किटेक्ट असावं लागत नाही. मुली-मुलांसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, अपंग मुलांना विनाअडथळा प्रवेश, कुंपण हे तर शिक्षण हक्क कायदा २००९ मध्येच लिहिलंय. ते मागणं म्हणजे लाड नव्हेत.

तिसरा प्रश्न: नंतर बघणार कोण? गच्चीवर पाणी साचणं, भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप, गळका पाइप, या फुटकळ वाटणाऱ्या गोष्टी इमारत खातात. नव्या शाळेलाही पावसाळ्याआधी दरवर्षी कुणीतरी वर चढून बघायला हवं. त्या कुणीतरीचं नाव ठरलं नाही, तर तुमच्या मुलांच्या वेळी कुणीतरी हाच लेख पुन्हा लिहील.

'आपण काय करणार, आपलं तर सेमिस्टर चालूय' असं म्हणू नका. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा करायचं काम कायद्यानं त्याच समितीचं आहे. त्यात तुमची वहिनी असेल, काका असतील. अनेकदा त्यांनाच हे कुणी सांगितलेलं नसतं. यू-डायस प्लसच्या पोर्टलवर तुमच्या शाळेचं नाव टाका. किती खोल्या चांगल्या, किती दुरुस्तीला आल्या, याची नोंद सापडते. ती प्रत्यक्षाशी जुळते का, ते गावी जाऊन बघा. सिव्हिलला असाल तर तडे कुठे आहेत त्याचे फोटो काढा. त्यानं स्ट्रक्चरल ऑडिट होत नाही, पण ऑडिट मागायला आधार मिळतो. आणि हे सगळं पुढच्या ग्रामसभेत, लेखी, पोच घेऊन द्या. शहरात असाल तर महापालिकेकडे द्या.

विद्यापीठाच्या गेटवर चहा पिताना आपल्यातले निम्मे तरी 'मी झेडपीचा' असं अभिमानानं सांगतात. त्या शाळेत आज, आत्ता, छताखाली मुलं बसलेली आहेत. या शनिवारी घरी फोन कराल तेव्हा एवढंच विचारा: आपली शाळा गळते का?