वारा मुहूर्त पाहून येत नाही

नाशिकच्या २०२७ च्या सिंहस्थाची चर्चा निघाली की ती प्रामुख्याने रस्ते, घाट, गोदावरीचे पाणी आणि गर्दीचे नियोजन यांभोवती फिरते. हे स्वाभाविकच आहे. परंतु तपोवनातील साधुग्रामापासून त्र्यंबकेश्वरपर्यंत सिंहस्थात जे असंख्य मांडव, स्वागतकमानी, फलक आणि पत्र्याचे निवारे उभे राहतात, ते वाऱ्याचा किती जोर सोसू शकतील, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

प्रश्न काल्पनिक नाही. ५ मे २०१६ रोजी उज्जैनच्या सिंहस्थात वादळी पावसाने मांडव कोसळले आणि काही भाविकांना प्राण गमवावे लागले. २३ जून २०१९ रोजी राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात जसोल येथे रामकथा सुरू असतानाच मंडप उडाला व कोसळला. किमान चौदा श्रोते दगावले. आणि १३ मे २०२४ ची घाटकोपरची दुर्घटना तर सर्वांच्या स्मरणात आहे. तेथील अवाढव्य फलकाखाली सतरा जणांचा बळी गेला. मुंबईत अशी रचना ताशी सुमारे १५८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासाठी उभारणे अपेक्षित असताना तो फलक जेमतेम ४९ किलोमीटर वेग सोसण्याइतका होता, असे व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांच्या तपासणीतून पुढे आले. त्या दिवशीचा वारा ताशी सुमारे ८७ किलोमीटर वेगाचा होता. म्हणजे वादळ असामान्य नव्हते, पाया दुबळा होता. अशा घटनेला अस्मानी संकट म्हणून हात झटकणे ही आत्मवंचना होय.

वाऱ्याचे हे गणित भारतीय मानक ब्युरोने ‘आयएस ८७५, भाग ३’ या संहितेत मांडून ठेवले आहे. १९८७ च्या आवृत्तीनंतर तिची सुधारित आवृत्ती २०१५ मध्ये आली. या संहितेने देशाचे वाऱ्याच्या वेगानुसार विभाग पाडले आहेत. मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, तर नाशिकसाठी ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर आहे. जमिनीपासून दहा मीटर उंचीवर, पन्नास वर्षांत सरासरी एकदा येऊ शकेल असा हा झोत. त्यावर इमारतीचे आयुष्य, तिची उंची, भोवतालची वस्ती आणि डोंगरउतार यांचे गुणक लावले जातात. दाब मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो.

२०१५ च्या आवृत्तीत चक्रीवादळांसाठी वेगळा गुणक आला. तो पूर्व किनारा आणि गुजरातच्या किनाऱ्यालगतच्या साठ किलोमीटरच्या पट्ट्यास लागू आहे; नाशिक त्यात येत नाही. वाऱ्याची दिशा, पृष्ठभागाचे क्षेत्रफळ इत्यादींसाठी काही सवलतीचे गुणकही आले. पण सवलत कितीही मिळाली तरी हिशेबाचा दाब मूळ दाबाच्या सत्तर टक्क्यांखाली नेता येत नाही, असे बंधन त्याच संहितेत आहे. सवलत वाचायची आणि बंधन विसरायचे, ही वृत्ती घातक ठरते.

‘मांडव तर दोन महिन्यांचा, त्याला कसली संहिता?’ असा युक्तिवाद हमखास होतो. संहितेनेच त्याचे उत्तर दिले आहे. तात्पुरत्या रचनांसाठी पाच वर्षांचे आयुष्य गृहीत धरून तिने नाशिकच्या वेगपट्ट्यात ०.७६ हा गुणक दिला आहे. म्हणजे चार दिवसांच्या मांडवालाही ताशी सुमारे १०७ किलोमीटर वेगाचा विचार करावा लागतो. या वेगाने प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५४ किलोग्रॅमचा दाब येतो. दहा मीटर रुंद व सहा मीटर उंच अशा कापडी कमानीच्या दर्शनी भागावर ढोबळ हिशेबाने तीन टनांहून अधिक भार पडला! बांबू, सुतळी आणि वाळूची पोती यांच्या भरवशावर तो पेलणार कसा? उघड्या बाजूने आत शिरणारा वारा छताला वर उचलतो, म्हणून मांडव खाली दबण्यापेक्षा उडून जाण्याचा धोका मोठा असतो. खांबाइतकाच त्याचा जमिनीतील खुंटाही मजबूत हवा.

खर्च वाढेल, हा आक्षेप खोटा नाही. छोट्या आखाड्यांना आणि सेवाभावी संस्थांना तो जाचक वाटेल. म्हणूनच हा भार प्रत्येकावर एकेकट्याने टाकू नये. कुंभमेळा प्राधिकरणाने ठरावीक मापांच्या मांडवांचे व कमानींचे प्रमाणित आराखडे अभियंत्यांकडून तयार करून विनामूल्य द्यावेत. मोठ्या रचनांसाठी संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र अनिवार्य करावे आणि त्यात गृहीत धरलेला वेग आकड्यात लिहिलेला असावा. प्रत्येक विभागात वायुवेगमापक बसवून, कोणत्या वेगाला मांडव रिकामा करायचा हे आधीच जाहीर करावे. मांडवातील वीजपुरवठा तत्काळ तोडण्याची व्यवस्था हवी. जसोलमध्ये विजेच्या धक्क्यानेही माणसे गेली.

आणि हे केवळ प्रशासनाचे काम नव्हे. सेवाकार्यात उतरणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने मांडव घालणाऱ्याला ‘किती वेगाचा वारा धरला आहे?’ एवढे तरी विचारावे. घराच्या गच्चीवर पत्र्याची शेड किंवा सौर पटल बसवून घेणाऱ्या गृहस्थानेही तोच प्रश्न ठेकेदाराला विचारावा. उत्तर आकड्यात आले नाही, तर काम थांबवावे. यात्रेकरूंना अन्न आणि निवारा देणे हे पुण्यकर्म आपण मानतो. तो निवारा त्यांच्या डोक्यावर कोसळणार नाही याची खात्री करून घेणे हा त्याच पुण्यकर्माचा भाग आहे.