मानमोडी की आणखी काही?

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूरचे नाव देशभर पोहोचले. कोंबड्यांमधील ‘बर्ड फ्लू’ची भारतातील पहिली नोंद इथली. शेडमधल्या कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा ‘ही तर नेहमीची मानमोडी’ असे पोल्ट्रीवाले सांगत होते. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि चित्र पालटले. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, देशभर भाव कोसळले. माणसांत मात्र तेव्हा एकही रुग्ण आढळला नाही. नीट शिजवलेली कोंबडी खाण्यास हरकत नाही, हे लोकांना पटेपर्यंत कित्येकांचा धंदा बसला.

आधी नकार, मग घबराट! या दोहोंच्या मधे शांतपणे विचारपूस करायला जागाच उरत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत आज तेच घडते आहे. मे २०२३ मध्ये या क्षेत्रातल्याच शेकडो जाणकारांनी एका निवेदनावर सह्या केल्या. या तंत्रातून मानवजात नष्ट होण्याचा धोका महामारी आणि अणुयुद्ध यांच्याच रांगेत धरावा, असा त्याचा आशय. सही करणाऱ्यांपैकी जेफ्री हिंटन यांना पुढे २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. तितकेच नामवंत यान लेकन मात्र ही भीती अवाजवी मानतात.

खरे कोणाचे? निकाल देण्याची घाई आपण करू नये. पण प्रश्न विचारण्याचा हक्क आपलाही आहे. मुलीच्या हुबेहूब आवाजात पैसे मागणारा फोन आला, तर खात्री कशी करायची? कर्जाचा अर्ज यंत्राने नाकारला, तर दाद कोणाकडे मागायची? बनवणाऱ्यांनाही पुरते न उमगलेले यंत्र किती मोकळे सोडायचे? अशा प्रश्नांची, दोन्ही बाजू मांडणारी पुस्तिका शिक्षक-प्राध्यापकांनी मिळून सोप्या मराठीत आणि मावचीत का करू नये? चुका निघतील, त्या पुढच्या आवृत्तीत सुधाराव्यात. वाचनालयात, शाळेत तिचे वाचन व्हावे. १९९६ च्या पेसा कायद्याने अधिकार दिलेल्या ग्रामसभेतही हा विषय निघावा.

नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिथे उद्घोषणा चार भाषांत होते. कोणाची गाडी चुकू नये म्हणून आपण एवढी तसदी घेतो. मग धोक्याची सूचना तेवढी एकट्या इंग्रजीत का राहावी?