दंडाचा जोर काय सांगतो आणि काय सांगत नाही



हाताचा जोर पाहून सगळ्या शरीराचे रोग ओळखावयास शिकविणारे वर्ग युरोप-अमेरिकेप्रमाणे आता आपल्या देशातही भरतात. थोड्या दिवसांचे शिक्षण असते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. आपल्या सिस्टरांनी, आरोग्यसेविकांनी व होतकरू तरुणांनी असा वर्ग करावा काय? त्यासाठी धर्मग्रामाचे सभागृह व पैसा द्यावा काय? आमचे मत असे आहे की, स्नायूंची परीक्षा आपल्या सेवकांनी अवश्य शिकावी. मात्र या एकाच नावाखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी शिकविल्या जातात. त्यांतील एक घ्यावी आणि दुसरी सोडून द्यावी.

पहिली परीक्षा जुनी व खरी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पोलिओने मुलांचे हातपाय लुळे पडत, तेव्हा बोस्टनचे डॉ. रॉबर्ट लव्हेट व त्यांचे सहकारी यांनी कोणत्या स्नायूत किती बळ उरले आहे हे हाताने तपासून नोंदविण्याची रीत बसविली. 1943 साली ब्रिटनमध्ये त्यासाठी 0 ते 5 असे गुण ठरले. स्नायू मुळीच हलत नसेल तर 0, अवयवाचा भार स्वतः उचलू शकत असेल तर 3 आणि पूर्ण बळ असेल तर 5. फिजिओथेरपीचे विद्यार्थी आजही हेच शिकतात. येथे स्नायूला स्नायूचाच प्रश्न विचारला जातो.

दुसरी परीक्षा 1964 साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी जॉर्ज गुडहार्ट या कायरोप्रॅक्टरने सुरू केली. 1973 साली जॉन थाय यांनी सामान्य माणसालाही ती करता यावी म्हणून पुस्तक लिहिले आणि तिचा प्रसार झाला. रोगी हात आडवा धरतो व तपासणारा तो खाली दाबतो. जिभेवर किंवा मुठीत एखादा पदार्थ ठेवून पुन्हा दाबतो. हात खाली गेला तर तो पदार्थ बाधतो, अथवा अमुक अवयव दुबळा आहे, अथवा अमुक जीवनसत्त्व कमी आहे असे सांगतो. येथे दंडाला यकृताचा, पोटाचा व रक्ताचा प्रश्न विचारला जातो. आणि दंडाला त्याचे उत्तर ठाऊक नसते.

हे केवळ आमचे म्हणणे नव्हे. 1988 साली अमेरिकेत या विद्येच्या तीन अनुभवी जाणकारांनी 11 माणसांना स्वतंत्रपणे तपासले. शरीरात जस्त, 'अ' जीवनसत्त्व, 'क' जीवनसत्त्व व थायमिन पुरेसे आहे की नाही, हे त्यांनी सांगावयाचे होते. तिघांचे आपापसांत जुळले नाही आणि प्रयोगशाळेच्या निष्कर्षांशीही जुळले नाही. 2001 साली गांधीलमाशीच्या विषाची खात्रीने बाधा असणाऱ्या रोग्यांवर अशीच परीक्षा झाली. तिचा निकाल नाणे उडविण्याहून बरा निघाला नाही. मुलांना कोणते अन्न बाधते हे ठरविण्यासाठी ही पद्धत वापरू नये, असे ब्रिटनच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शिकेने 2011 साली स्पष्ट सांगितले.

मग वर्गात तर हात खाली जाताना डोळ्यांनी दिसतो, तो कसा? पाणाड्या आठवा. त्याच्या हातातील काठी खरोखर वळते. तो लबाडी करीत असतो असेही नाही. पण काठी वळवितात त्याचेच स्नायू, त्याच्याही नकळत. मनात जी अपेक्षा असते तिच्या दिशेने हात आपोआप हलतो, हे इंग्लंडमधील डॉ. विल्यम कार्पेंटर यांनी 1852 सालीच सांगून ठेवले आहे. दंड दाबणाऱ्याचेही तेच होते. पदार्थ वाईट आहे असे मनात असले की दाब किंचित वाढतो. दुसऱ्या खेपेस रोग्याचा हात दमलेलाही असतो. तपासणारा प्रामाणिक असतो, म्हणूनच तो स्वतःही फसतो.

आपण शेतकरी माणसे. नवे बियाणे कोणी दिले तर त्याच्या शब्दावर सगळे रान पेरीत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून किती उगवतात ते मोजतो. येथेही तसेच करावे. एकसारख्या दहा पुड्या घ्याव्या. पाचांत साखर व पाचांत मीठ भरावे. भरणाऱ्याने क्रमांक घालून खोलीबाहेर जावे. मग तपासणाऱ्याने दंड दाबून साखर ओळखून दाखवावी. निव्वळ अंदाजाने सरासरी पाच बरोबर येतातच. त्याहून फारसे बरे जमले नाही तर सभागृह देऊ नये.

या विद्येच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तपासणारा रोग्याजवळ अर्धा तास बसतो, त्याच्या खांद्यावर हात ठेवतो व त्याचे ऐकून घेतो. गर्दीच्या दवाखान्यात हे मिळत नाही आणि त्याने माणसाला बरे वाटते. पण ऐकून घेणे हे तर आपल्या सेवकांचे कामच आहे. त्यासाठी खोट्या निदानाची गरज नाही. दंडाच्या सांगण्यावरून कोणी मधुमेहाची वा फेफऱ्याची गोळी बंद केली, तर ते बरे वाटणे फार महाग पडेल.

खरी परीक्षा मात्र आपल्या फार उपयोगाची आहे. भारताने 2005 साली सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर केले. तरी दरवर्षी नवे रोगी सापडतातच. या रोगात चट्टा बधिर होतो आणि मज्जातंतू सुजून हातापायांचे बळ हळूहळू जाते. प्रशिक्षित सेविका चार गोष्टी पाहते: डोळे घट्ट मिटतात काय, करंगळी बाजूला नेऊन दाबाविरुद्ध टिकते काय, अंगठा वर उभा राहतो काय, पाऊल वर उचलते काय. 'सशक्त', 'अशक्त' की 'लुळे' हे ती दर वेळी लिहून ठेवते. बळ कमी होत आहे असे दिसताच रोग्याला दवाखान्यात धाडले व सहा महिन्यांच्या आत औषध सुरू झाले, तर पुष्कळदा ते बळ परत येते. उशीर झाला तर खुरपे धरणारा हात कायमचा वाकडा होतो. रोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. हवे असते ते वेळीच ओळखणारे कोणी.

मण्यार चावल्यावर पापण्या जड होणे, गिळता न येणे, मान न सावरणे, तसेच कीटकनाशक फवारल्यावर स्नायू थरथरणे व हातपाय गळणे, हीही स्नायूंचीच साक्ष आहे. ती ओळखून क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे, एवढे शिकलेली एक व्यक्ती प्रत्येक वाडीत असली पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी. धर्मग्रामाचा आरोग्यावरचा पैसा अशा शिक्षणाकडे वळवावा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना व फिजिओथेरपिस्टला बोलवावे. प्रत्येक वाडीतून दोघे पाठवावे. वर्षातून एकदा उजळणी घ्यावी. संत लूक वैद्य होते आणि वैद्याचा मान राखण्याची शिकवण पवित्र शास्त्रातील सिराखच्या ग्रंथात आहे. प्रार्थना करावी आणि वैद्यालाही बोलवावे, असे तो ग्रंथ सांगतो. देवाने दिलेल्या हाताला खोटी साक्ष द्यावयास लावू नये. जे त्याला खरोखर कळते तेवढेच त्याला विचारावे.