गळ माशाला, खिशाला नको!

कॉन्व्हेंटवाल्याचं मराठी आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या!

वर्षातून दोन-तीन रात्री आम्ही भावंडं मामाच्या गावी, दाभोळ खाडीच्या धक्क्यावर गळ टाकून बसतो. गेल्या दिवाळीत मी महिनाभर रात्रीची मेस बंद ठेवून २,८०० रुपयांचा रॉड आणि रीळ घेतलं. रुबाब काय विचारता! पण रॉडचं टोक एसटीच्या दारातच मोडलं आणि खाऱ्या पाण्यातून आणलेलं रीळ गोड्या पाण्याने धुतलं नाही म्हणून पुढच्या ट्रिपला जाम. मामांकडे काय होतं? प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, शिशाचं वजन, गळ आणि आमिषाला कोलंबी. पहाटेपर्यंत त्यांना दोन तांबोश्या, मला शेवाळ!

म्हणून सांगतो, आपल्यासारख्या हौशी मंडळींनी हातदोरीच घ्यावी. मासा चावला की थेट बोटाला कळतं, याहून स्वस्त सेन्सर कुठला? (दोर हाताला गुंडाळू मात्र नका, मोठा मासा ओढू लागला की कापतो.) वाचलेले पैसे चांगल्या तंगुसावर, जादा गळांवर आणि डोक्याला बांधायच्या टॉर्चवर घाला. शेवाळलेल्या पायरीवरून मावसभाऊ खाडीत घसरला, तेव्हा आमच्याकडे फक्त त्याच्या मोबाईलचा उजेड होता आणि तोही त्याच्याबरोबर पाण्यात गेला. अंधारात त्याचा हात सापडेपर्यंत आमची जी अवस्था झाली, ती इथे लिहीत नाही.

भरतीची वेळ तर फुकटच कळते. तिथीला पाऊणने गुणायचं, म्हणजे अष्टमीला साधारण सहा वाजता. पाऊणकी येत नसेल तर माझ्यासारखं ०.७५ ने गुणा!