घर, कचेरी आणि विरारची गाडी

विरार ते चर्चगेट हे अंतर साठ किलोमीटरांचे आहे. १८६७ साली मुंबईच्या बॅकबेकडे जाणारी पहिली उपनगरी गाडी विरारहूनच सुटली, आणि पुढे या प्रदेशाचे भवितव्य त्या रुळांशी असे निगडित झाले की, वसई, नालासोपारा व विरार येथे गेल्या काही दशकांत ज्या इमारती उठल्या, त्यांच्या रचनेत बांधणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही एक गोष्ट न बोलता गृहीत धरली: घरातले कमावते माणूस पहाटे बाहेर पडेल व रात्री निजण्यापुरते परतेल. चौघांनी दिवसभर एकदम वावरावे आणि त्यांतील दोघांनी दार लावून काम करावे, ही कल्पना वन रूम किचनच्या नकाशात कोठेही नव्हती. मार्च २०२० मध्ये लोकलगाड्या बंद झाल्या, आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वसामान्यांना ठरावीक वेळांपुरती मुभा मिळेपर्यंत, ज्यांचे काम संगणकावर चालत होते त्यांची कचेरी याच नकाशात येऊन बसली. घरबसल्या नोकरीविषयी आज जे समज रूढ आहेत, ते बहुधा हा नकाशा न पाहिलेल्यांनी पसरविले असावेत.

वाचलेल्या वेळाचा समज त्यांत सर्वांत जुना. जाण्यायेण्याचे मिळून तीनेक तास वाचतात हे निर्विवाद आहे, आणि विरारच्या गर्दीत दाराशी लोंबकळत ज्याने एकदाही प्रवास केला आहे, तो हा लाभ क्षुल्लक मानणार नाही. प्रश्न एवढाच की, तो वेळ कोणाच्या पदरात पडतो. विरारची गाडी निष्ठुर खरी, पण नोकरदाराची वकिलीही तीच करीत असे. ‘साहेब, माझी सहा-पन्नासची चुकेल’ या वाक्यापुढे भल्याभल्या अधिकाऱ्यांची मात्रा चालत नसे, कारण पुढची गाडी म्हणजे काय, हे तेही जाणून असत; आणि नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचले, एवढा निरोप गैरहजेरीला पुरेसा होई. गाडी गेली आणि तिच्याबरोबर ही सर्वमान्य सबबही गेली. घरी असलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता ‘दोनच मिनिटे’ म्हणून गाठावयास कोणासही संकोच वाटत नाही, आणि ग्राहक अमेरिकेतील असला तर ती दोन मिनिटे मध्यरात्रीपर्यंत लांबतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मुळात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. तथापि जेथे दिवस केव्हा सुरू झाला आणि केव्हा संपला याची नोंदच कोणी ठेवीत नाही, तेथे ही मर्यादा मोजावी कोणी?

खर्चाची गोष्ट थोडक्यात उरकता येईल. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास काही शेकड्यांत मिळतो. तो वाचला म्हणून आनंद मानणाऱ्याने विजेचे वाढलेले बिल, इंटरनेटची जोडणी, वीज गेल्यावर लागणारा इन्व्हर्टर आणि पाठीला सोसेल अशी खुर्ची, यांची बेरीज एकदा मांडून पाहावी. वांद्रे-कुर्ला संकुलातील भाडे मालकाचे वाचले. नालासोपाऱ्यातील खोलीचे भाडे मात्र पूर्वीही नोकरदारच भरीत होता आणि आताही तोच भरतो.

घरून काम ही संगणकाची देणगी आहे, हा समज तर आपल्या शेजाऱ्यांकडे न पाहिल्याचे लक्षण होय. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला. त्यातील भगिनी सकाळी मळलेले पीठ घरी नेतात, पापड लाटून, वाळवून दुसऱ्या दिवशी परत आणतात आणि लाटणावळ घेतात. कोणत्या घटकेला लाटले, मध्ये मुलाला केव्हा जेवू घातले, याची पृच्छा त्यांना कोणी करीत नाही, कारण हिशेब मालाचा असतो. आणि त्या स्वतःच संस्थेच्या सभासद असल्याने नफ्यातही त्यांचा वाटा असतो. संगणकावरील नोकरदाराला पगार दरमहा मिळतो आणि पहारा मात्र दर घटकेचा असतो. त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा झाला की तगादा सुरू होतो. स्वातंत्र्य घरामुळे मिळते असे मानणारे इथेच चुकतात. ते हिशेबाच्या रीतीतून येते. अशा नोकरीतील स्त्रीची स्थिती याहून बिकट, कारण ‘तू घरीच तर असतेस’ म्हणून कुकरच्या शिट्यांपासून पाहुण्यांपर्यंत सर्व काही तिच्याच वाट्याला येते आणि मालकाचे तास तिला काही माफ होत नाहीत.

राहिले ते लॅपटॉप घेऊन देशोदेशी हिंडणारे भटके, ज्यांची समुद्रकाठच्या झोपाळ्यावरील छायाचित्रे पाहून आपल्याकडील तरुण हुरळतात. बोटीवर नोकरी करणारा एखादा नातलग ज्यांच्या घरी आहे, त्यांनी त्यालाच विचारावे. तो मोकळ्या आकाशाच्या आधी कागदपत्रांविषयी बोलेल, परदेशात घालविलेले दिवस बोटांवर मोजून दाखवील. पर्यटनाचा परवाना हा सर्वसाधारणपणे कामाचा परवाना नव्हे. एस्टोनियाने २०२० साली अशा भटक्यांसाठी निराळा व्हिसा काढला, तेव्हा अर्जदाराचे उत्पन्न दरमहा किमान ३,५०४ युरो, म्हणजे सुमारे तीन लाख रुपये, असावे अशी अट होती. शिवाय आर्थिक वर्षात १८२ दिवस वा त्याहून अधिक काळ जो भारतात राहतो, तो आयकराच्या दृष्टीने येथील रहिवासीच. मग त्याचे उर्वरित महिने कोणत्याही किनाऱ्यावर जावोत.

या सर्वांवर कळस म्हणजे ही सोय कायमची आहे, हा भरवसा. त्या भरवशावर कोणी विरारची भाड्याची खोली सोडून कोकणातील गावी बिऱ्हाड हलविले, कोणी मुलांच्या शाळा बदलल्या. टीसीएसने १ ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत हजर राहण्यास कर्मचाऱ्यांना सांगितले. इतर कंपन्यांतूनही कमीअधिक कडक अशी फर्माने निघाली, आणि मालकाला तसा अधिकार नव्हता असे म्हणण्यासारखे नेमणूकपत्रांत बहुधा काहीच लिहिलेले नव्हते. यास्तव ज्यांच्या हाती असे पत्र येईल त्यांनी स्वाक्षरीपूर्वी कामाचे तास, वीज-इंटरनेटचा खर्च आणि परत बोलावण्यापूर्वीची मुदत, एवढी तीन कलमे लेखी मागून घ्यावीत. आणि वसई-विरार महानगरपालिकेने, प्रत्येक प्रभागात वीज व इंटरनेट असलेली एक अभ्यासिका अशा नोकरदारांसाठीही दिवसभर खुली ठेवण्याची तजवीज करावी.