जागल्याचा वाटा

गेल्या श्रावणांत एके संध्याकाळीं आमच्या मोशीच्या घरीं आमची एक जुनी विद्यार्थिनी आली. एका खासगी रुग्णालयांत बिलांच्या खिडकीमागें ती गेलीं चार वर्षें नोकरीस आहे. चहा झाला, कुशल विचारून झालें, आणि मग आवाज खालीं आणून तिनें जें सांगितलें तें असें : चाकणच्या एका कारखान्यांत कंत्राटावर काम करणारा एक मनुष्य दोन दिवस त्या रुग्णालयांत होता, सरकारी योजनेकडे गेलेल्या कागदांत तो सहा दिवस होता, व त्यांपैकीं तीन दिवस अतिदक्षता विभागांत. त्याच्याकडून एक पैही घेतली गेली नव्हती, त्यामुळें तो बिचारा डॉक्टरांस दुवा देत घरीं गेला. ते कागद ज्या हातानें भरले गेले तो हात आमच्या विद्यार्थिनीचा होता. तिच्या घरीं म्हातारी आई आहे, दोन खोल्यांच्या घराचा दरमहाचा हप्ता आहे, आणि नोकरी कोणत्याही दिवशीं जाऊं शकेल अशी आहे. "सर, मीं काय करावें?" असें तिनें विचारलें.

आम्ही तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. सत्य आणि धैर्य ह्या विषयांवरील निबंध आम्हीं किती तपासले असतील त्याची गणती नाहीं. त्या संध्याकाळीं आम्हीं तिला सांगितलें, "दुसरी नोकरी मिळेपर्यंत गप्प राहा." ती मान हालवून निघून गेली.

हा लेख त्या उत्तराची लाज वाटून लिहिला आहे. परंतु त्या लाजेहूनही आम्हांस अधिक टोंचतें तें हें कीं, सल्ला शहाणपणाचा होता. कोणत्याही प्रपंची माणसानें तोच दिला असता. शहाणपणाचा सल्ला आणि लाजेचा सल्ला हे दोन्ही एकच होऊन बसतात, तेथें केवळ माणसांची नीति उणी पडते असें म्हणून भागत नाहीं. तेथें कायदा उणा आहे.

ह्या व्यवहारांत लुबाडला कोण गेला, हें प्रथम पाहूं. रोग्यास वाटतें, आपलें कांहींच गेलें नाहीं. खरोखर त्याचेंच गेलें आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत प्रत्येक कुटुंबास वर्षाची मर्यादा असते. ती दीड लाखांवरून पांच लाख रुपये करण्याचें मंत्रिमंडळानें २०२३ च्या जूनमध्यें ठरविलें. खोट्या चार दिवसांचें बिल ह्याच रकमेंतून वजा होतें, आणि पुढें त्याच वर्षीं घरांतील दुसरें कोणी अंथरुणास खिळलें म्हणजे थैली हलकी झालेली आढळते. आमची मोशी १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महापालिकेंत आली. तोंवर तें इंद्रायणीकांठचें शेतीचें गांव होतें. आज येथील निम्मीअधिक चूल भोसरी-चाकणच्या यंत्रांवर पेटते. १९४८ च्या कायद्यानें जन्मलेल्या कामगार विमा योजनेसाठीं कामगाराच्या पगारांतून २०१९ च्या जुलैपासून शेंकडा पाऊण रुपया कापला जाऊं लागला, व मालकाकडून शेंकडा सव्वातीन. मग तो पैसा वर्गणीचा असो वा कराचा, तो घामाचाच आहे.

ही एकट्यादुकट्या रुग्णालयाची कुरापत असती तर आम्हीं लेखणी उचलली नसती. २०२३ च्या ऑगस्टमध्यें भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा आयुष्मान भारत योजनेवरील अहवाल संसदेपुढें आला. एकाच भ्रमणध्वनि-क्रमांकावर, आणि तोही नुसत्या नऊच्या आंकड्याचा, ७,४९,८२० लाभार्थी नोंदलेले त्यांत आढळले. क्रमांकावरून लाभार्थ्याची ओळख पटविली जात नाहीं, असा खुलासा सरकारनें केला. तो आम्ही मान्य करूं. परंतु जे रोगी आधींच मृत म्हणून नोंदले गेले होते अशा ३,४४६ जणांच्या उपचारांपोटीं ६ कोटी ९७ लाख रुपये दिले गेले, असेंही तोच अहवाल सांगतो. ज्या जोतिरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून सरकारी दप्तराआडची लूट चव्हाट्यावर मांडली, त्यांच्या नांवाच्या योजनेंत लुटीविषयीं तोंड उघडणाऱ्यास आसरा नसावा, ह्यासारखा विपर्यास दुसरा कोणता?

कोणी म्हणेल, तपासनीस आहेत, पथकें आहेत, तक्रारीचे क्रमांक आहेत. आहेत खरे. परंतु २०२० च्या साथीची आठवण वाचकांनीं करावी. त्या वेळीं शासनानें खासगी रुग्णालयांचे दर बांधून दिले : अतिदक्षता विभागाचे दिवसाला ७,५०० रुपये, श्वासयंत्रासह ९,०००, आणि बिलें तपासण्यास लेखापरीक्षक बसविले. तेव्हां जास्त आकारणीचा बोभाटा झाला, कारण रोग्याचे नातेवाईक स्वतःच्या खिशांतून पैसे मोजीत होते आणि म्हणून ओरडत होते. योजनेच्या बिलांत रोगी मोजीत नाहीं, म्हणून तो ओरडतही नाहीं. तपासनीस कागद पाहतो, आणि कागद तर बिनचूक असतो. कागद आणि खाट ह्या दोहोंमधलें अंतर ठाऊक असतें तें खिडकीमागच्या कारकुनास, रात्रपाळीच्या परिचारिकेस आणि औषधांच्या भांडाऱ्यास. त्यांचीं तोंडें मिटलेलीं असतील तर जगांतला कोणताही हिशेबतपासनीस आंधळा आहे.

आणि तीं तोंडें उघडावयास राज्यानें काय केलें? जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ सालीं संमत झाला, त्याच वर्षीं ९ मे रोजीं राष्ट्रपतींची सही झाली. पण अंमलाची तारीख कांहीं उगवली नाहीं. उगवली असती तरी तो कायदा मुख्यतः सरकारी नोकरांविरुद्धच्या तक्रारींपुरता. खासगी रुग्णालयाच्या कारकुनास त्याची सावली क्वचितच लाभली असती. बक्षिसाचें तर त्यांत नांव नाहीं. खोट्या तक्रारीस मात्र दोन वर्षांपर्यंत कैद आहे. इकडे तोंड उघडणाऱ्यांची गत काय होते हें ह्या पंचक्रोशीला शिकवावें लागत नाहीं. आमच्यापासून थोड्याच कोसांवर, तळेगांव दाभाडे येथें, जमिनींचे गैरव्यवहार उजेडांत आणणारे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० रोजीं सकाळीं फिरावयास गेले असतां मारले गेले. त्यांनीं आधीं पोलीस-संरक्षण मागितलें होतें.

ह्यावर आमचे सज्जन स्नेही पहिला आक्षेप घेतात तो नीतीचा. "सत्य सांगावयाचें त्याचे पैसे कसले घेतां? ज्या तुकोबांनीं शिवाजीमहाराजांचा नजराणा परत केला, त्यांच्या देहूच्या खालच्या अंगाला राहून तुम्ही असा विचार करतां?" आम्ही म्हणतों, परंपरा तुकोबांविषयीं आणखी एक गोष्ट सांगते : त्यांनीं आपल्या वाट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं. परंतु सर्व सावकारांनीं तसेंच करावें, असा कायदा कोणी केला नाहीं. संत कायद्याच्या पुढें असतात. कायदा करावयाचा तो हप्ते भरणाऱ्यांसाठीं. आमच्या विद्यार्थिनीकडून संतपणाची अपेक्षा करणारे आम्ही स्वतः कोणता नजराणा परत केला आहे?

शिवाय हें सोंवळें राज्यास इतरत्र आठवत नाहीं. २०१८ सालीं प्राप्तिकर खात्यानें करचुकव्यांची खबर देणाऱ्यास ५० लाखांपर्यंत, व बेनामी मालमत्तेची खबर देणाऱ्यास एक कोटीपर्यंत इनाम जाहीर केलें. भागबाजारांतील आंतल्या गोटाच्या व्यवहारांची खबर देणाऱ्यास 'सेबी'नें २०१९ मध्यें एक कोटीपर्यंत बक्षीस ठेविलें आणि २०२१ मध्यें तें दहा कोटींवर नेलें. गर्भलिंगनिदानाची खबर देणाऱ्यास तर आपल्या महाराष्ट्र शासनानेंच एक लाख रुपये देऊं केले. तेव्हां वैद्यकीच्या पवित्र क्षेत्रांत खबरीचें इनाम निषिद्ध आहे असेंही नाहीं. शेअरांच्या भावाचें रक्षण करणारी खबर दहा कोटींची, आणि गरिबाच्या खाटेचें रक्षण करणारी खबर फुकटची, हा कोणत्या नीतिशास्त्रांतला दर आहे?

आपल्या परंपरेची साक्ष काढावयाची तर ती आमच्या बाजूनें आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत अपहाराची खबर देऊन ती सिद्ध करणाऱ्यास अपहृत रकमेचा सहावा भाग सांगितला आहे, आणि खबर देणारा नोकर असल्यास बारावा. ज्या जागल्याचें नांव आज आम्ही अशा माणसांस देतों, तो जुन्या गांवगाड्यांतला रात्रीचा राखणदार. गांव झोंपलें असतां तो जागे, आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर त्याचा वाटा निघे. ती बलुत्याची रीत जातिभेदानें नासलेली होती, ती गेली हें उत्तम झालें; तथापि जागण्याचें मोल असतें एवढें त्या गांवास कळत होतें. आम्हीं शब्द ठेविला आणि वाटा काढून घेतला.

दुसरा आक्षेप, इनामाच्या लोभानें खोट्या तक्रारींचें पीक येईल. ह्याला उत्तर अमेरिकेच्या अनुभवांत सांपडतें. तेथें यादवी युद्धांत लष्करास रद्दी माल विकणाऱ्या ठेकेदारांविरुद्ध १८६३ सालीं एक कायदा झाला व १९८६ मध्यें त्यास नवें बळ मिळालें. सरकारची फसवणूक ठाऊक असलेला कोणीही नागरिक सरकारच्या वतीनें दावा लावूं शकतो. दावा प्रथम मोहोरबंद राहतो, म्हणजे त्या काळांत तक्रारदाराचें व रुग्णालयाचें अशीं दोन्ही नांवें झांकलेलीं असतात. सरकारनें दावा हातीं घेतल्यास वसुलीचा शेंकडा १५ ते २५, व न घेतल्यास २५ ते ३० वाटा तक्रारदारास मिळतो. वकिलाची फी हरणारा देतो. नोकरीवरून काढल्यास नोकरी आणि बुडालेल्या पगाराची दुप्पट परत मिळते. वसुली झाली तरच वाटा असल्यामुळें पोकळ तक्रारीवर वर्षें घालविणें कोणत्याच वकिलास परवडत नाहीं. मोंटाना प्रांतांतील व्हाइटफिश ह्या लहानशा गांवच्या रुग्णालयाचा हिशेबप्रमुख जेम्स ऑल्डरसन ह्यास १९९० सालीं दोन वह्या ठेवण्यास सांगण्यांत आलें : एक सरकारसाठीं, एक घरची. तो नाहीं म्हणाला आणि नोकरीस मुकला. त्यानें व त्याच्यासारख्या इतरांनीं लावलेल्या दाव्यांमुळें एच. सी. ए. ह्या रुग्णालयांच्या बड्या कंपनीस २००० व २००३ ह्या दोन तडजोडींत मिळून सुमारें १७० कोटी डॉलर भरावे लागले. आपल्याकडे दोन वह्यांची विद्या त्यांच्याहून जुनी आहे. नाहीं म्हणणारास उभें करणारा कायदा तेवढा नाहीं.

तिसरा आक्षेप डॉक्टरमंडळींचा. योजनेचे दर तुटपुंजे आहेत, पैसे वेळेवर येत नाहींत, आणि त्यांत हा पहारा बसला तर चांगलीं रुग्णालयें योजनेंतून अंग काढून घेतील. ह्या गाऱ्हाण्यांत तथ्य आहे, आणि तें उघडपणें मांडल्यास आम्ही त्यांच्या बाजूनें लिहूं. परंतु दर अपुरा म्हणून दोन दिवसांचे सहा करणें हा उपाय नव्हे. जो डॉक्टर दोनाचे दोनच लिहितो, त्याचेच पैसे ह्या खोट्या चारांमुळें मागें पडतात. पहाऱ्याचें भय त्याला नाहीं. पहाऱ्याची पहिली गरज त्यालाच आहे.

आमचें मागणें मोजकें आहे. महाराष्ट्र विधिमंडळानें सार्वजनिक पैशांतून होणाऱ्या रुग्णसेवेपुरता तरी असा कायदा करावा. वसूल रकमेचा ठराविक अंश, कौटिल्याचा सहावा म्हणा, खबर देणाऱ्यास हक्कानें मिळावा, अधिकाऱ्याच्या मर्जीनें नव्हे. त्याचें नांव गुप्त राहावें. नोकरी गेल्यास ती व पगार परत मिळावा. वरिष्ठाच्या हुकुमानें कागद भरणाऱ्या कारकुनानें स्वतः येऊन सांगितल्यास त्यास आरोपीच्या पिंजऱ्यांत नव्हे, साक्षीदाराच्या जागीं उभें करावें. जाणूनबुजून खोटें सांगणाऱ्यास शिक्षा असावी. सिद्ध करूं न शकलेल्या प्रामाणिक माणसास नसावी. आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या शेजारीं वकील असावा, कारण रुग्णालयाचा वकील तर पहिल्या दिवसापासून असतोच.

ह्यांपैकीं शेवटची गोष्ट कांहीं अंशीं आजच हातीं आहे, आणि तें न कळल्याचा दोष आमचा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानें, जो १९९५ पासून अंमलांत आला, औद्योगिक कामगारास आणि कोणत्याही स्त्रीस, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मागण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे दोन दिवसांचे सहा झालेला तो चाकणचा कामगार, आणि ते सहा लिहिणारी आमची विद्यार्थिनी, दोघांनाही शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयांतील त्या कचेरीचें दार उघडें आहे. सगळें आयुष्य पुस्तकांत घालविलेल्या आम्हांस हें एवढें कलम त्या संध्याकाळीं ठाऊक नव्हतें.

तेथील वकील तिची नोकरी वांचवील असें वचन आम्ही देऊं शकत नाहीं; तो कायदा अजून व्हावयाचा आहे. पण येत्या रविवारीं आम्हीं तिला पुन्हां बोलाविलें आहे. तिची तयारी असल्यास सोमवारीं तिच्याबरोबर शिवाजीनगरास आम्ही स्वतः जाणार आहों.